पोरीला बॉक्सिंग खेळायचंय? भडगावच्या आईवडिलांनी आधी हे समजून घ्यावे

भडगाव, पाचोरा, चाळीसगाव या पट्ट्याला कुस्ती नवी नाही. गावोगावच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल भरते. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली आणि तालमीत घाम गाळणाऱ्या पोरांना मान मिळू लागला. पण घरातल्या मुलीने बॉक्सिंगचे ग्लोव्हज मागितले की सगळे गप्प होतात. "पोरना तोंडले काही व्हयनं तं लगीन कसं व्हई?" हे आई बोलून दाखवते, वडील मनात ठेवतात. या काळजीला हसून चालणार नाही, कारण बॉक्सिंगमध्ये मार बसतो हे खरेच आहे. पण नीट माहिती घेतली तर निर्णय भीतीने होत नाही, आणि भाबड्या उत्साहानेही होत नाही.

सुरुवातीलाच माझे मत स्पष्ट सांगतो. तालुक्याच्या गावातल्या मुलीने आधी हौशी बॉक्सिंगच्या सगळ्या पायऱ्या चढाव्यात, त्यासोबत शिक्षण पूर्ण करावे, नोकरीचा पाया घालावा आणि व्यावसायिक बॉक्सिंगचा विचार सर्वांत शेवटी करावा. या साऱ्या वाटेवर प्रशिक्षक असा असावा, ज्याला मुलीला लढवता येते तसे वेळेवर थांबवताही येते.

आपल्या मुली कुठवर पोहोचल्या

हा खेळ मणिपूर आणि हरियाणाच्या मुलींचा, असा समज आपल्याकडे पक्का आहे. मेरी कोमची सहा जागतिक विजेतेपदे, २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमधले तिचे कांस्य, लवलिना बोर्गोहेनचे टोकियोतले कांस्य, निखत झरीनची २०२२ आणि २०२३ ची जागतिक सुवर्णे हे सगळे आपण दूरदेशीची बातमी असल्यासारखे वाचले. पण एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमधल्या किल्त्से येथे युवा जागतिक स्पर्धा झाली, तिथे ८१ किलोंवरील गटाचे सुवर्ण नागपूरच्या अल्फिया पठाणने जिंकले. वडील पोलीस खात्यात, सराव मानकापूरच्या क्रीडा संकुलात. पुढच्याच वर्षी अम्मानच्या आशियाई स्पर्धेत तिने वरिष्ठ गटाचेही सुवर्ण मिळवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पेनमधल्या ला नुसिया येथे पुण्याच्या देविका घोरपडेने ५२ किलो गटात युवा जागतिक सुवर्ण पटकावले. अंतिम लढतीत पाचही पंचांनी तिच्या बाजूने कौल दिला. माजी ऑलिम्पियन मनोज पिंगळे हे तिचे प्रशिक्षक.

दोघींच्या वाटचालीत एक गोष्ट सारखी आहे. चांगला प्रशिक्षक त्यांच्या घरापासून रोज जाता येईल इतक्या अंतरावर होता. भडगावच्या मुलीची खरी अडचण इथेच आहे. ताकद, जिद्द, कष्टाची सवय यांत शेतकऱ्याची मुलगी कोणाला हार जाणार नाही. तिला अडवते ते अंतर आणि माहितीची कमतरता. अंतरावर उपाय शोधावा लागतो, माहिती मात्र आजच मिळवता येते.

हौशी आणि व्यावसायिक यांत फरक काय

शाळा, विद्यापीठ, राष्ट्रीय, आशियाई आणि ऑलिम्पिक स्पर्धांतले बॉक्सिंग ते हौशी. त्यात महिलांची लढत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते. प्रत्येक फेरीत सरस ठरलेलीला पंच १० गुण देतात आणि दुसरीला ९ किंवा त्याहून कमी. इथे नेमके ठोसे, बचाव आणि चपळाई यांना किंमत असते. महिला हेडगार्ड घालून लढतात. स्पर्धेचा खर्च बहुधा संघटना किंवा शासन उचलते आणि यश मिळाले की नोकरीची दारे उघडतात.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये लढतीचे मानधन मिळते. हेडगार्ड नसते. महिलांच्या फेऱ्या साधारणपणे दोन मिनिटांच्या असतात आणि विजेतेपदाची लढत दहा फेऱ्यांपर्यंत जाते. लढती प्रवर्तक ठरवतो, तिकिटे आणि प्रक्षेपण यांवर सगळे अर्थकारण चालते. जगात या क्षेत्राने गेल्या काही वर्षांत मोठी झेप घेतली. ३० एप्रिल २०२२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आयर्लंडची केटी टेलर आणि पोर्तो रिकोची अमांडा सेरानो लढल्या, तेव्हा त्या सभागृहात पहिल्यांदाच महिलांची लढत त्या रात्रीची मुख्य लढत ठरली. पण केटी तिथवर कशी पोहोचली ते पाहा. आधी पाच हौशी जागतिक सुवर्णे आणि लंडन ऑलिम्पिकचे सुवर्ण, त्यानंतर २०१६ मध्ये व्यावसायिक पदार्पण. आपल्याकडची सरिता देवीही २००६ मध्ये जागतिक विजेती होती. ती इम्फाळमध्ये पहिली व्यावसायिक लढत खेळली जानेवारी २०१७ मध्ये, आणि पुढे हौशी बॉक्सिंगमध्ये परतही आली.

भारतात महिलांच्या व्यावसायिक लढती आजही थोड्या आणि विखुरलेल्या आहेत. त्यामुळे "सहा महिने शिका आणि व्यावसायिक व्हा" अशी जाहिरात कोणी केली तर त्या दारात पाऊल टाकू नका.

वय आणि पहिले वर्ष

दहा ते चौदा हे सुरुवातीचे चांगले वय. याआधी किंवा यासोबत मुलगी धावत असेल, कबड्डी-खोखो खेळत असेल तर उत्तमच. पायांची चपळाई तिथेच तयार होते. सोळाव्या-सतराव्या वर्षी सुरुवात केली तरी काही बिघडत नाही. वरिष्ठ गट १९ ते ४० वयाचा असतो, तेव्हा घाई कसलीच नाही.

पहिल्या वर्षात ठोसे खाण्याचा प्रश्नच येऊ नये. उभे राहण्याची ढब, डावा-उजवा पाय, हनुवटी खाली, कोपर बरगड्यांजवळ, दोरीवरच्या उड्या, आरशासमोरचा सराव, बॅगवरचा सराव, मग जोडीदाराबरोबर ठरवून केलेला हलका सराव, हा क्रम. पहिल्याच आठवड्यात मुलीला मोठ्या मुलांसमोर रिंगमध्ये उतरवून "बघू दम किती आहे" म्हणणारा माणूस प्रशिक्षक नव्हे. तिथून मुलीला घरी घेऊन या.

साहित्याला सुरुवातीला फार पैसा लागत नाही. दोरी, चांगले बूट, हाताला बांधायची पट्टी, सरावाचे ग्लोव्हज आणि माउथगार्ड एवढे पुरे. हेडगार्ड पुढे जोडीदाराशी सराव सुरू होईल तेव्हा घ्या. ग्लोव्हज दुसऱ्याचे वापरले तरी चालतील, माउथगार्ड मात्र स्वतःचाच हवा. शक्य असेल तर दंतवैद्याकडून मापाचा करून घ्या.

हाताची पट्टी बांधायला मुलीने पहिल्याच आठवड्यात स्वतः शिकावे, कारण हाताची हाडे बारीक असतात आणि बहुतेक किरकोळ दुखापती तिथेच होतात. पट्टी साडेचार मीटरची घ्यावी. टोकाचा फास अंगठ्यात अडकवायचा, पट्टी हाताच्या पाठीवरून मनगटाकडे न्यायची आणि मनगटाभोवती तीन वेढे द्यायचे. मग बोटे फाकवून मुठीच्या गाठींवर तीन वेढे. त्यानंतर मनगटाकडून येऊन करंगळी आणि अनामिका यांच्या बेचक्यातून पट्टी काढायची, परत मनगटाकडे न्यायची, आणि असेच पुढच्या दोन बेचक्यांतून. अंगठ्याला एक वेढा देऊन उरलेली पट्टी पुन्हा गाठींवर आणि शेवटी मनगटावर संपवायची. आता मूठ वळून पाहायची. गाठींवर पट्टी ताठ बसली पाहिजे, आणि मूठ उघडल्यावर बोटांना मुंग्या येता कामा नयेत. नखे पांढुरकी दिसली तर पट्टी आवळली गेली आहे, सोडून पुन्हा बांधा. सराव झाला की पट्टी रोज धुऊन उन्हात वाळवा.

प्रशिक्षक निवडताना

भडगावात आज बॉक्सिंगची सोय कुठे आहे, हे आधी शाळेच्या क्रीडाशिक्षकांना आणि जळगावच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. जवळपास सोय नसेल तर दोन टप्प्यांत विचार करता येतो. पहिली एक-दोन वर्षे गावातच धावणे, दोरी, तालमीतला व्यायाम आणि सुट्ट्यांतली शिबिरे. मुलीची ओढ टिकली तर मग जळगावला नियमित सराव किंवा निवासी प्रबोधिनीची निवड चाचणी. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिन्यांमध्ये अकोल्याचे नाव बॉक्सिंगसाठी घेतले जाते, आणि पुण्यात बालेवाडी आहेच. छत्रपती संभाजीनगरला भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. चाचण्या कधी आहेत आणि मुलींच्या जागा किती आहेत, हे दरवर्षी नव्याने विचारावे लागते. प्रवासासाठी एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, त्याचा हिशेब धरा.

प्रशिक्षकाला भेटाल तेव्हा हे प्रश्न न संकोचता विचारा:

• तुमचे प्रशिक्षण कुठे झाले? पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका असेल तर ती दाखवायला कोणालाच अडचण नसते.
• तुमच्याकडे किती मुली येतात? सगळ्या मुलांत एकटीच मुलगी असेल तर सरावाची जोडी कोण?
• डोक्याला मार लागला तर तुम्ही नेमके काय करता?
• वजन कसे सांभाळता?
• बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींसोबत महिला व्यवस्थापक असते का? राहण्याची सोय कुठे?

शेवटच्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. सराव पाहायला पालकांना कधीही येता आले पाहिजे. एकटीला खोलीवर बोलावणे, रात्री-अपरात्री संदेश पाठवणे, कारण नसताना अंगाला हात लावणे, "घरी सांगू नकोस" म्हणणे यातले काहीही घडले तर ती शिस्त नाही, गुन्हा असू शकतो. अठरा वर्षांखालील मुलींसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे आणि १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे. ही गोष्ट मुलीला सरावाच्या पहिल्या दिवसाआधीच सांगा, म्हणजे वेळ आलीच तर ती तुमच्याकडे यायला घाबरणार नाही.

स्पर्धांच्या पायऱ्या

वाट दोन बाजूंनी जाते. एक शालेय. तालुका किंवा जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य आणि राष्ट्रीय. वयाचे शालेय गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. बॉक्सिंगमध्ये मुलींचे कोणते वय-वजन गट यंदा खेळवले जाणार, हे जूनमध्येच शाळेतून समजून घ्या. नोंदणी शाळेने करायची असते आणि मुदत चुकली की वर्ष वाया जाते. दुसरी वाट संघटनेची. जिल्हा संघटना, महाराष्ट्र संघटना आणि राष्ट्रीय महासंघ. इथे सबज्युनिअर, ज्युनिअर, युवा आणि वरिष्ठ असे गट असून वय जन्मवर्षावरून धरतात. मुलगी महाविद्यालयात गेली की तिसरी वाटही उघडते. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संघातून अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरता येते.

कागदपत्रांची फाइल पहिल्या दिवसापासून ठेवा. जन्मदाखला, आधार, शाळेचा बोनाफाइड, वैद्यकीय तपासणी, प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र. सगळीकडे नाव, वडिलांचे नाव, आडनाव यांचे स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच हवी. जन्मतारीख कमी करून खालच्या गटात खेळवण्याचा सल्ला कोणी दिला तर साफ नकार द्या. पकडले गेल्यावर बंदी मुलीवर येते, सल्ला देणाऱ्यावर नाही.

मान्य संघटनांशी मिळतेजुळते नाव लावून "राष्ट्रीय" आणि "आंतरराष्ट्रीय" स्पर्धा भरवणाऱ्या, प्रवेश फी घेऊन पदके वाटणाऱ्या संस्थाही आहेत. शासकीय नोकरीच्या आरक्षणासाठी प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून होते आणि मान्यता नसलेल्या स्पर्धेचा कागद तिथे चालत नाही. पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा कार्यालयात एकदा विचारा.

ताट आणि वजनकाटा

खान्देशच्या स्वयंपाकघरात खेळाडूला पुरेल असे बरेच आहे. कळण्याची भाकरी घ्या. ज्वारी आणि उडीद एकत्र दळल्यामुळे धान्यात जी प्रथिने अपुरी असतात ती डाळ भरून काढते. तिच्यासोबत शेंगदाण्याची चटणी, भरीत, दही किंवा ताक घेतले की जेवण पूर्ण होते. कजगाव पट्ट्यातली केळी सरावाआधी खायला उत्तम. खेळाडूला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.२ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५० किलोच्या मुलीला किमान ६० ग्रॅम. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम मिळतात आणि पेलाभर दुधातूनही जवळपास तेवढेच. मूग, मठ, चणे यांची उसळ, वरण, पनीर, अंडी यांची रोज सांगड घाला. पावडरचे डबे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. त्यात बंदी असलेला पदार्थ निघाला तर "मला माहीत नव्हते" हे उत्तर नाडा ही उत्तेजक विरोधी संस्था ऐकून घेत नाही.

देशातल्या निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे. म्हणून सराव सुरू करण्याआधी आणि पुढे दर सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन तपासा. ते १२ च्या खाली असेल तर मुलगी लवकर दमते, आणि आपण तिला आळशी ठरवतो. हिरव्या भाज्या, बाजरी, कडधान्ये यांवर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा देऊ नका, म्हणजे लोह अंगी लागते.

वजनाबाबत एक नियम घरात पक्का करा. वाढत्या वयातली मुलगी जेवण तोडून खालच्या गटात उतरणार नाही. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० ग्रॅम वजन जास्त भरले म्हणून विनेश फोगाट अंतिम कुस्तीआधी बाद झाली, ते सगळ्या देशाने पाहिले. बॉक्सिंगमध्येही लढतीच्या दिवशी सकाळी काट्यावर उभे राहावेच लागते. पाणी तोडणे, उन्हात स्वेटर घालून पळणे, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणे हे सारे धोक्याचे. त्या गोळ्या तर बंदी असलेल्या यादीतच आहेत. खान्देशातल्या मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत सराव सकाळी सातच्या आत उरका.

मासिक पाळी हा प्रशिक्षक आणि आई दोघांशी बोलण्याचा विषय आहे. पाळी सलग तीन महिने आली नाही तर ती सोय समजू नका. अंगाला लागेल इतके अन्न मिळत नसल्याची ती खूण असू शकते आणि त्याने हाडे ठिसूळ होतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

डोक्याला मार: इथे तडजोड नाही

आईच्या काळजीचे खरे उत्तर या भागात आहे. नाकाला, ओठाला, भुवईला मार लागू शकतो. हेडगार्ड आणि माउथगार्डने त्यातला बराचसा वाचतो. चेहऱ्यावरची जखम भरून येते. मेंदूला बसलेल्या हादऱ्याकडे दुर्लक्ष झाले तर नुकसान कायमचे होऊ शकते, आणि हेडगार्ड हा हादरा पूर्ण अडवत नाही.

हादरा बसायला बेशुद्धच पडावे लागते असे नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, अंधुक दिसणे, आवाज-उजेड सहन न होणे, तोच तोच प्रश्न विचारणे, झोपेत बदल, अकारण चिडचिड यातले एकही लक्षण दिसले तर त्या दिवशी सराव बंद. त्याच दिवशी पुन्हा रिंगमध्ये पाठवायचे नाही, मुलगी कितीही म्हणाली तरी. उलट्या होत राहिल्या, डोकेदुखी वाढत गेली, गुंगी आली, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या किंवा हातपाय लुळे वाटले तर तातडीने मोठ्या रुग्णालयात न्या. डोक्याच्या मारामुळे लढत थांबवली गेली तर हौशी नियमांनुसार किमान ३० दिवसांची सक्तीची विश्रांती असते, आणि प्रकार पुन्हा घडला तर ती वाढते. सरावात लागलेल्या मारालाही घरी हाच नियम लावा. गावातल्या सरावाची नोंद कोणी ठेवत नाही, ती वही आईने ठेवावी.

कोपऱ्यातून पांढरा टॉवेल टाकणारा, "आज पुरे" म्हणणारा प्रशिक्षक मुलीची कारकीर्द वाढवतो. हरलेली लढत पुढच्या वर्षी जिंकता येते.

पुस्तक, नोकरी आणि पैसा

दहावी-बारावीला पात्र खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोणत्या पदाला कोणत्या पातळीचे यश लागते, हे ठरलेले आहे. पोलीस, रेल्वे आणि सैन्यदल खेळाडूंना घेतात. लवलिना आसाम पोलिसांत आणि निखत तेलंगण पोलिसांत उपअधीक्षक झाली, तर मेरी कोम मणिपूर पोलिसांत होती. २०२५ मध्ये लिव्हरपूलला ५७ किलोंत जागतिक सुवर्ण जिंकणारी हरियाणाची जास्मिन लांबोरिया सैन्यात आहे. खेलो इंडियासाठी निवड झाली तर खेळाडूला महिन्याला १०,००० रुपये हातखर्च मिळतो. ऑलिम्पिकच्या तयारीसाठी निवडलेल्या मुख्य गटाला ५०,००० मिळतात. तिथवर फार थोड्या पोहोचतात, म्हणून पदवी सोडायची नाही. खेळ थांबल्यावर बी.पी.एड., एनआयएस पदविका किंवा पंच परीक्षा यांतून त्याच क्षेत्रात सन्मानाने राहता येते.

वरच्या पातळीवर कागदांची बेशिस्त किती महाग पडते, त्याचे उदाहरण परवीन हुडाचे. तिने आशियाई क्रीडा स्पर्धेतून ५७ किलोंचा पॅरिस ऑलिम्पिक कोटा मिळवला होता. पण उत्तेजक चाचणीसाठी आपण कुठे असू याची माहिती वेळच्या वेळी भरण्यात १२ महिन्यांत तीनदा चूक झाली, तिच्यावर बंदी आली आणि भारताचा तो कोटाही गेला. तिच्यावर औषध घेतल्याचा ठपका नव्हता, प्रश्न फक्त माहितीचा होता. २०२५ पासून वर्ल्ड बॉक्सिंग या जागतिक संघटनेने महिला गटासाठी एकदा करायची जनुकीय चाचणीही सक्तीची केली आहे. मुलगी त्या पातळीवर जात असेल तर हे आधीच कळलेले बरे.

व्यावसायिक करार समोर आला तर

वय वीसच्या पुढे, राष्ट्रीय पातळीचे पदक, पदवी किंवा नोकरी हातात, आणि तरीही व्यावसायिक लढण्याची इच्छा असेल तर जरूर विचार करा. नोकरीत असाल तर आधी खात्याची परवानगी घ्या. देशात व्यावसायिक बॉक्सिंगचा परवाना देण्याचे काम इंडियन बॉक्सिंग कौन्सिल करते, त्यांच्याकडे चौकशी करा. करार इंग्रजीत असेल तर वकिलाकडून मराठीत समजून घेतल्याशिवाय सही नको. करार किती वर्षांचा आहे, त्या काळात दुसरीकडे लढता येते का, मानधनातून कोणाची किती टक्के कपात, प्रवास आणि प्रशिक्षकाचा खर्च कोणाचा, लढत रद्द झाली तर काय, हे लेखी हवे. एमआरआय, डोळे आणि रक्ताच्या तपासण्या कोण करून देणार, दुखापतीचा विमा किती रकमेचा, हेही. प्रतिस्पर्ध्याची कामगिरी बॉक्सरेक या संकेतस्थळावर पाहता येते. वजन किंवा अनुभव यांत मोठी तफावत असेल तर लढत नाकारणे शहाणपणाचे आहे.

लग्नाचा प्रश्न

आईच्या पहिल्या प्रश्नाकडे आता येतो. मेरी कोमला २००७ मध्ये जुळी मुले झाली. त्यानंतर तिने २००८, २०१० आणि २०१८ ची जागतिक सुवर्णे आणि ऑलिम्पिक पदक जिंकले. लग्न आणि मूल यांनी खेळ संपत नाही. सासर आणि नवरा पाठीशी आहेत की नाहीत, यावर बरेच ठरते. म्हणून स्थळ पाहताना मुलीचा खेळ लपवू नका, उलट पहिल्या बैठकीतच सांगा. ज्या घराला ते चालत नाही, ते घर आपल्या मुलीचे नव्हे.

मुलींनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. दुखले की सांगा, भीती वाटली की सांगा, नको वाटले तर सोडा. या खेळात कणखरपणा तोंड दाबून सोसण्यात नसतो.

भडगाव तालुक्यातल्या मुख्याध्यापकांना, क्रीडाशिक्षकांना आणि लोकप्रतिनिधींना विनंती आहे. एका वर्गखोलीत चार बॅगा, काही जोड ग्लोव्हज आणि आठवड्यातून तीन दिवस येणारा पात्र प्रशिक्षक, एवढ्यावर मुलींचे केंद्र सुरू होऊ शकते. पालकांनी या आठवड्यात दोनच कामे करावीत. शाळेत जाऊन बॉक्सिंगसाठी मुलीचे नाव सांगावे आणि तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. बाकीचे त्यानंतर.